मयतीचा टॉवेल

फानमावशीने नदीकाठी आजारी माणसांच्या सकाळच्या चालीत गळ्यातला टॉवेल काढून तोंड पुसलं आणि सूयुन वारल्याचं सगळ्यांना कळलं.

टॉवेल साधाच होता. पांढरा, कडेला निळी रेघ. पण चीनमधल्या लोयांग शहरात असला कोरा टॉवेल कुठून येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मयतीला आलेल्यांना घरचे लोक तो देतात, सोबत साखरेची एक गोळी देतात. गोळी वाटेतच चघळून संपवायची, म्हणजे तोंडातला कडूपणा घरात येत नाही. टॉवेल कोणी मोरीत लावतं, कोणी फडकं करतं. तो गळ्यात घालून आजारी माणसांत कोणी जात नाही. फानमावशीला साखरेचा त्रास, तळपायांना मुंग्या, नजरही अधू. दोरीवर हाताला आला तो टॉवेल घेऊन ती निघाली होती.

"मावशी, हा कोणाकडचा?" हानने विचारलं. हान बस चालवायचा. आता पोटाच्या दुखण्यामुळे घरी होता.

"कोणाकडचा म्हणजे? माझाच आहे."

"तुमच्या जिन्यावरच्या घरांत कोण गेलं?"

मावशीने टॉवेल पाठीमागे लपवला. चालणारी रांग थांबली. मावशीच्याच जिन्यावर घर असलेला दुसरा माणूस समोरच्या बाकावर थर्मास घेऊन बसला होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

लू कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाला होता. सूयुन त्याची बायको. श्वासाच्या तालावर चालायची ही चाल तिनेच इथल्या लोकांना शिकवली होती. ती चालायची, तो बाकावर बसून चहा राखायचा आणि चेष्टा करायचा. "निघाली बदकांची परेड," म्हणायचा. ती गेल्यावरही तो रोज येऊन बसत होता, कारण सकाळी दुसरीकडे कुठे जावं हे त्याला सुचत नव्हतं. कोणी विचारलं तर "लेकीकडे गेलीय, दक्षिणेत, हवापालटाला," एवढं सांगायचा. हे वाक्य त्याचं नव्हतं. दहन करून आल्यावर हानचा मुलगा यूकुन घरी आला होता. "काका, तुमच्या पाया पडतो. ताईच गेल्या हे कळलं तर आमची आजारी माणसं हाय खातील," म्हणाला होता. लू तेव्हा भिंतीकडे बघत होता. त्याने होकाराची मान हलवली. फानमावशीकडूनही यूकुनने शपथ घेतली होती.

आता लू उठला.

"सूयुन गेली," तो म्हणाला. "लेकीकडे नाही. वारली."

खिशात घडी करून ठेवलेली सुतकाची काळी पट्टी त्याने काढली आणि सगळ्यांसमोर पिनेने बाहीला लावली. पिन बोटात घुसली, तरी त्याने ती नीट बसेपर्यंत सोडली नाही.

मग फुप्फुसाच्या आजाराची एक बाई म्हणाली, "रोज चालल्या. रोज सुया टोचून घेतल्या. तरी?"

"मग आपण इथे काय करतोय?" दुसरं कोणी म्हणालं. "दादा म्हणतात ते खरं. बदकं आहोत आपण."

चाल संपली की बेंबीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून उभं राहायचं असतं. त्या दिवशी तसं कोणी केलं नाही. जो तो आपापल्या वाटेने गेला. लू बाकावर बसून राहिला. ते बदकांचं त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठ रिकामा होता. संध्याकाळी यूकुन आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत ये."

"नको. तुमच्या घरी सुतक आहे आणि माझ्या घरी आजारी माणूस. काका, तुम्ही मान हलवली होती."

"हलवली होती. चुकलं."

"बाबांनी कालपासून पेज घेतली नाही. त्यांना आम्ही अल्सर सांगितलाय. खरं नाव कळलं तर महिनाभरही टिकणार नाहीत ते. आणि तुम्ही काळी पट्टी लावून आजाऱ्यांत उभे राहता. तुमचंही वय झालंय, कळायला नको?"

"माझी बायको मेली आहे," लू म्हणाला. "चोरी केल्यासारखं का लपवू?"

"दुसऱ्यांच्या जिवाचा विचार करून लपवायचं."

"सूयुनला डॉक्टरांनी बाहेर बसवलं आणि आजाराचं नाव मला एकट्याला सांगितलं. मी बाहेर येऊन ते तिला सांगितलं. ती रडली. रडून झाल्यावर म्हणाली, पीठ मळ, भूक लागली. त्यानंतर कितीतरी वर्षं जगली ती. नाव ऐकून माणूस मरत नाही रे."

"सगळे ताईंसारखे नसतात."

"ते तू कसं ठरवलंस? विचारलंस का बापाला?"

यूकुन जिना उतरून गेला.

लूची कंबर लेथने खाल्ली होती. सुया टोचून उपचार करणाऱ्या पांगबाईंकडे तो त्यासाठीच जायचा. नदीकाठची मंडळीही चाल झाली की त्यांच्याच दवाखान्यात सुया टोचून घ्यायला जात. दुसऱ्या दिवशी लू गेला तर दवाखान्यातली बाकं रिकामी होती. पांगबाईंनी त्याला पालथं झोपवलं, कमरेत सुया बसवल्या आणि वाळल्या औषधी पाल्याची विडी पेटवून कातडीपासून दोन बोटं दूर धरली. ऊब हळूहळू आत शिरली.

"खरं सांगा," लू उशीत तोंड खुपसून म्हणाला. "तुमच्या सुयांनी तिचं काय झालं?"

"औषधांनी ओकाऱ्या व्हायच्या, त्या कमी झाल्या. झोप लागायची. बोटं बधिर झाली होती, ती इतकी सुधारली की बटणं स्वतः लावायची. आजाराला हात घातला तो हॉस्पिटलने. मी गाठ काढीन असं कधी म्हटलं नव्हतं."

"हे लोकांना सांगा की."

"मी सांगितलं तर म्हणतील, बाईला दुकान चालवायचंय. तुमच्याकडे विकायला काय आहे?"

"काही नाही."

"मग तुम्हीच सांगा. हलू नका, सुई वाकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी लू थर्मास न घेता नदीवर गेला. पट्टी बाहीवर होती. जिथून सूयुन सुरुवात करायची त्या वाकड्या विलोच्या झाडापाशी तो उभा राहिला. आयुष्यात तो ही चाल कधी चालला नव्हता. नुसती पाहिली होती. टाच आधी टेकवायची, चवडा वर ठेवायचा. नाकाने दोनदा श्वास आत, एकदा बाहेर. हात बेंबीपुढून बाजूला, मान सावकाश फिरवायची. पाहताना पोरखेळ वाटायचा. करायला गेल्यावर श्वास एकीकडे आणि पाय दुसरीकडे. कमरेतून कळ आली. पलीकडे नाचाचा सराव करणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या.

"दादा, बरं वाटत नाही का?" एकीने विचारलं.

"बदक झालोय," लू म्हणाला आणि चालत राहिला.

पुलापर्यंत जाऊन तो वळला, तर समोरून फानमावशी येत होती. गळ्यात तोच पांढरा टॉवेल.

"आज बघून घातलाय," ती म्हणाली. "काल सुनेने मोरीत टाकला होता, तो धुऊन काढला. ज्याला अपशकुन वाटेल त्याने दुसऱ्या काठाने जावं. तुमचा चवडा पडतोय, वर घ्या. आणि खांदे सोडा, लेथ धरला नाहीये."

"तुझ्या मुंग्या कशा आहेत?"

"मला सोडून जात नाहीत. मुलगा जातो, त्या जात नाहीत."

दोघं चालली. फुप्फुसवाली बाई लांब उभी राहून बघत होती. तिच्याबरोबर आणखी काहीजण होते. लू थांबला. भाषण करायची त्याला सवय नव्हती.

"ऐका," तो म्हणाला. "सूयुन मेली. चालून मरण टळत नाही. टळतं असं तिने कोणाला सांगितलं असेल तर पुढे या."

कोणी आलं नाही.

"ती या थंडीपर्यंत स्वतःच्या पायांनी संडासला जात होती. बाजारात जाऊन मुळा पारखून आणत होती. माझ्याशी भांडत होती. मला तिला उचलून न्यावं लागलं ते शेवटी, अगदी थोडे दिवस. एवढं तिने मिळवलं. ज्याला हे थोडं वाटतं त्याने घरी बसावं. मला थोडं वाटत नाही. मी उद्याही येणार, पट्टी लावून येणार."

त्याने तोंड फिरवलं आणि टाच टेकवली. मागे पावलं वाजायला लागली. सगळे आले नव्हते, पण रांग म्हणावी इतके होते.

हान सगळ्यांत शेवटी आला, टोपी कानांपर्यंत ओढून. लूच्या बाजूने चालू लागला.

"यूकुनला माहीत आहे का तू आलायस ते?"

"दूध आणायला निघालोय म्हणून सांगितलं."

लूने पावलं हळू केली. "हान, तुला एक—"

"सांगू नका, दादा. मला माहीत आहे." हानने श्वास दोनदा घेतला, एकदा सोडला. "ज्या वॉर्डात मला ठेवलं होतं त्याच्या दारावर काय लिहिलंय ते वाचता येतं मला. जन्मभर रस्त्यावरच्या पाट्या वाचून बस चालवली. अल्सरच्या औषधाने कोणाचे केस गळतात?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"पोरगा रोज इतकं मन लावून खोटं बोलतो. बोलताना त्याच्या कपाळावर घाम येतो. त्याला कसं सांगू की तुझी मेहनत फुकट गेली?"

"सांग," लू म्हणाला. "तो उंबऱ्याबाहेर उभा होता परवा. तुझ्यापेक्षा तोच आजारी दिसतो."

"सांगेन."

"आजच सांग."

"चाल तर पुरी होऊ द्या."

चाल पुरी झाली. सगळ्यांनी बेंबीवर हात ठेवले, डोळे मिटले. डावा हात खाली ठेवायचा की उजवा हे लूला कळलं नाही. फानमावशीने एक डोळा किलकिला करून कोपर मारलं. त्याने हात बदलला.

डोळे उघडले तेव्हा यूकुन पुलापाशी उभा होता. तो जवळ आला, लूच्या बाहीवरच्या पट्टीकडे त्याने बघितलं, मग वडिलांच्या गळ्याभोवती आपला मफलर गुंडाळला.

"दूध कुठेय, बाबा?"

"घ्यायचं राहिलं," हान म्हणाला. "चल, आधी मटणाचं सूप घेऊ. जाता जाता बोलू."

बापलेक कोपऱ्यावरच्या सूपच्या दुकानात शिरले. लू बाहेर थांबून काचेतून बघत होता. हानने पाव मोडून वाटीत टाकला, मुलाच्या वाटीतही टाकला आणि बोलायला तोंड उघडलं. मग तो खाऊ लागला.

आपल्याला सगळं माहीत आहे हे हानने मुलाला अजून सांगितलेलं नाही.