चौथा कोपरा

वरच्या बिजागरीची खीळ आधी निघाली आणि दार एका अंगानं कलंडलं, तसा अंथरुणात उताणा पडलेला मुकादम छताकडे बघत म्हणाला, "त्याला सांग, खालची आधी काढायची असते."

"वहिनी, दादाला सांगा, खालची गंजलीय," धाकटा म्हणाला. दार त्याच्या खांद्यावर होतं आणि दादा त्याच्यापासून हातभर अंतरावर.

वहिनीनं, म्हणजे मुकादमाच्या बायकोनं, कुणाचं काहीच कुणाला सांगितलं नाही. ती दाराकडे बघत होती.

"न्हाणीघराचं दार आहे ते," ती म्हणाली. "चमत्कार होवो न होवो, संध्याकाळी जागेवर लागलं पाहिजे."

दोघा भावांचा धंदा सामान हलवायचा. लोक घर बदलतात, हे त्यांची कपाटं, पलंग, फ्रिज एका जिन्यावरून उतरवतात आणि दुसऱ्या जिन्यावर चढवतात. हाताखाली दोन माणसं. एक खांब, ताडमाड उंच आणि तेवढाच अबोल. दुसरा पोपट, त्याचं नाव असं का, ते त्यानं तोंड उघडलं की कळायचं. मुकादम नुसता नावाचा मुकादम नव्हता. जिन्यात सगळ्यात जड असतो खालचा डावा कोपरा, आणि तो कायम त्याचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला की त्याला आपल्या ताटात कुणी हात घातल्यासारखं वाटायचं.

मग हिवाळ्याच्या तोंडाला संगीत शिकवणाऱ्या एका बाईंचा पियानो चढवताना त्याच्या कमरेत कट्कन काहीतरी वाजलं आणि कोपरा सुटला. पियानो दोन पायऱ्या घसरला. त्याच्या पोटातून असा काही आवाज निघाला की बाई होत्या तिथेच मटकन खाली बसल्या. धाकट्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. एका पायावर उभं राहून, अंगठा हातात धरून, धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तू आता उचलू नकोस. बाजूला उभा राहा आणि नुसतं सांग."

नख परत आलं. मुकादमाचं त्याच्याशी बोलणं काही परत आलं नाही.

तेव्हापासून तो झोपूनच होता. डॉक्टरनं फोटो काढले, कमरेचा पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आणि मागच्या महिन्यात सांगितलं की आता बरंच भरून आलंय, हळूहळू उठायला लागा. मुकादम उठून बघायला गेला. कळ आली. तो परत झोपला. कळ काय डॉक्टरला आली होती? रोज संध्याकाळी धाकटा यायचा, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि वहिनीला विचारायचा, उद्याचं कपाट उभं न्यायचं की आडवं. मुकादम भिंतीला उत्तर द्यायचा. भिंत आणि वहिनी मिळून धंदा चालवत होत्या.

आणि रविवारी वहिनी चर्चमधून बातमी घेऊन आली. ते म्हातारे पाळकसाहेब येणार होते, जे डोक्यावर हात ठेवून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. मुकादमाची मान तेवढी उचलली गेली.

"मला न्या," तो म्हणाला.

"त्यांनाच घरी बोलावू की. येतील."

"नाही. बायबलातल्या त्या पक्षाघातवाल्याच्या घरी प्रभू गेला होता का? चौघांनी त्याला बाजेसकट उचलून नेलं. गर्दी होती तर छप्पर उकरलं आणि वरून खाली सोडलं. विश्वास म्हणजे चालत जायला लागतं."

"विश्वास चालेल हो. तुम्ही कुठे चालता?"

"म्हणून तर चौघं पाहिजेत."

म्हणून आता दार निघालं होतं. मुकादमाला त्यावर सरकवलं, खाली गोणपाट, वर घोंगडी, आणि पियानोला लावतात तो रुंद पट्टा छातीवरून आवळला. पोपटानं दोनदा ओढून बघितला.

"वर 'नाजूक माल' लिहू का?"

"तुझ्या तोंडावर लिही," मुकादम म्हणाला. "किती जण आहात?"

"मी, खांब आणि धाकटेशेठ. तीन."

"तीन नाही चालत. गोष्टीत चार आहेत."

"मुकादम, तिघांत आपण लोखंडी तिजोरी नेलीय."

"तिजोरी बरी व्हायला गेली नव्हती."

बायकोनं बाह्या वर केल्या. "चौथी मी."

"गोष्टीत बाई नव्हती."

"गोष्टीत तुमच्याएवढं वजनही नव्हतं. उचला रे!"

टेम्पोतून सगळे प्रार्थनासभा होती त्या इमारतीपाशी पोचले. खाली छापखाना, दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना, तिसऱ्यावर प्रार्थनेचा हॉल. लिफ्टच्या दाराला सुतळी बांधलेली होती. मुकादमानं मुद्दाम सभेच्या बऱ्याच आधी निघायला लावलं होतं.

"उशीर झाला आणि गर्दी झाली तर छप्पर काढायला लागेल," तो म्हणाला.

"स्लॅब आहे," पोपट म्हणाला. "मी बघून आलोय."

जिन्यात धाकटा आपणहून खालच्या डाव्या कोपऱ्याला गेला. मुकादमाला मान वळवता येत नव्हती, तरी दाराच्या कलण्यावरून त्याला ते कळलं.  प्रत्येक वळणावर कठड्याच्या टोकाला नारळाएवढा लाकडी गोंडा होता, आणि तिथे त्याला राहवेना.

"त्याला सांग, आधी गोंड्याच्या वर घे, मग वळव."

"वहिनी, सांगा, मला दिसतंय."

"मला श्वास घेऊ द्या रे दोघं," वहिनी म्हणाली.

दवाखान्याचं दार उघडं होतं. आत बाकावर गालाला रुमाल लावून एक माणूस बसला होता. बाहेरून दारावर बांधलेला, डोळे मिटलेला एक बाप्या चौघांच्या हातांवरून सरकत गेला. माणूस उठून दारात आला.

"यांना काय झालं?"

"दाढच होती," पोपट म्हणाला.

तो माणूस नंबर सोडून खाली गेला तो परत आला नाही.

हॉलमध्ये अजून खुर्च्या मांडायचं चाललं होतं. यांनी मुकादमाला पुढे, टेबलाजवळ दोन बाकांवर दारासकट ठेवलं. बायको मागच्या बायकांत जाऊन बसली आणि हात झटकत राहिली. मुकादमानं डोळे मिटले. त्याला सुंदर शब्दांत प्रार्थना करता यायची नाही, आणि देवाला ते माहीत आहे अशी त्याची खात्री होती. देवा, कंबर दे, तो मनात म्हणाला. बाकीचं मी उचलतो. मग थोडं थांबून त्यानं आणखी एक जोडलं. उचलणारा नाही राहिलो तर मी कोण, तेवढं सांग. हे शेवटचं म्हणताना त्याच्या कानामागे ओलं झालं, आणि हात पट्ट्याखाली असल्यामुळे ते पुसता आलं नाही.

तेवढ्यात खालून निरोप आला. पाळकसाहेब आलेत, पण वर येऊ शकत नाहीत. दोन्ही गुडघे सुजलेत. मागच्या वेळी लिफ्ट चालू होती.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता काय करायचं?" आणि सगळ्यांच्या माना हळूच भिंतीशी उभ्या असलेल्या त्या तिघांकडे वळल्या.

"खुर्ची कुठेय?" धाकट्यानं विचारलं.

"चौघं लागतील," मुकादम पडल्या पडल्या म्हणाला.

"वहिनी, सांगा, म्हातारा माणूस आहे. तीन पुरतात."

तिघं गेले. मुकादम पंख्याकडे बघत राहिला. खालून पावलं ऐकू यायला लागली, मग पोपटाचा आवाज. जिन्याची पोकळी सगळं वर आणून देत होती.

"साहेब, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या प्रार्थनेनं लोक बरे होतात, मग तुमचे गुडघे?"

"मी पोस्टमन रे बाबा," एक म्हातारा आवाज म्हणाला. "पोस्टमनला रोज स्वतःचं पत्र येतं का?"

पोपट हसला. पहिलं वळण पार झालं. मुकादम पावलं ऐकत होता. वर पोपट, खाली उजवीकडे खांब, खालचा डावा धाकटा. वरचा एक कोपरा रिकामा, म्हणून खुर्ची तिरकी चाललीय. गोंड्याच्या वर घे, तो मनात म्हणाला. दुसरं वळण आलं. वर घे. लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज आला.

"थांब थांब थांब," पोपट म्हणाला.

"नाही थांबता येत," धाकटा म्हणाला, आणि त्यानंतर त्याच्या घशातून एक आवाज आला. छोटा, हुंकारासारखा. हॉलमध्ये तो बहुतेक कुणाला ऐकूही आला नसेल. मुकादमाला आला. बोटं सुटायच्या आधी माणसाच्या घशातून येतो तो आवाज. हिवाळ्यात संगीताच्या बाईंच्या जिन्यात तो त्याच्याच घशातून आला होता.

तो पट्टा सोडायला दोन माणसं लागतात, हे बायको नंतर सगळ्यांना सांगत होती. कुणी सोडला, ते तिनं बघितलं नव्हतं. तिनं बघितलं ते एवढंच, की समोरचं न्हाणीघराचं दार मोकळं आहे, घोंगडी जमिनीवर आहे, आणि नवरा जिन्याच्या कठड्याला पोट लावून खाली ओरडतोय.

"ए धाकट्या! वळवू नकोस!"

खाली धाकट्यानं मान वर केली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. खुर्चीचा एक पाय गजांत अडकला होता, आणि सगळं ओझं, म्हाताऱ्या पाळकांसकट, त्याच्या एका मनगटावर आलं होतं. आश्चर्य वाटायला लागतं तेवढंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"मग काय करू?"

"मागे घे! बोटभर खाली. खाली म्हणतो! मागचा पाय अडकलाय. खांब, खांदा लाव. पोपट, तू तोंड मिट आणि वर ओढ. आता. आत्ता!"

पाय गजांतून सुटला. खुर्ची डचमळली आणि पायरीवर टेकली. पाळकसाहेबांनी डोळे उघडले आणि आपली टोपी डोक्यावर आहे का ते चाचपून बघितलं.

मुकादम जिना उतरायला लागला होता. कठडा धरून एक पायरी, मग दुसरी. त्याचा उजवा हात आधीच पुढे झाला होता, पंजा उताणा, बोटं वळलेली, कपाटाखाली घालायच्या आधी असतात तशी. तो खुर्चीपाशी पोचला आणि रिकाम्या कोपऱ्याकडे वाकायला गेला.

"दादा," धाकटा म्हणाला. अजून धापा टाकत होता. "तू उचलू नकोस. बाजूला उभा राहा आणि नुसतं सांग."

  दुसऱ्या मजल्यावर दातांचं मशीन गुरगुरत होतं तेवढंच.

मुकादमाचा हात तसाच हवेत राहिला. तो भावाच्या अंगठ्याकडे बघत होता. चपलेतून दिसत होता तो. नवं नख जरा वाकडं आलं होतं.

"सरका," वरून बायको आली. तिनं त्याला कोपरानं भिंतीकडे लोटलं आणि बाह्या वर केल्या. "चौथी मी."

पाळकसाहेब या माणसाकडून त्या माणसाकडे बघत होते. "तुमच्यात तो आजारी भाऊ कुठला?" त्यांनी विचारलं. "दारावर बांधून आणलाय म्हणे."

"हेच ते," पोपट म्हणाला. "आमच्यावर ओरडतायत ते."

पाळकसाहेबांनी मुकादमाला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. मग आपल्या गुडघ्यांकडे बघितलं.

"मग आता मी वर येऊ," त्यांनी विचारलं, "का हे मला खाली सोडतील?"

मुकादमानं पाठ भिंतीला टेकवली. कंबर दुखत होती. चांगलीच दुखत होती. पण उभी राहून दुखत होती, आणि हे दुखणं वेगळं होतं, याच्याशी अजून त्याची ओळख व्हायची होती. वर हॉलच्या दारात माणसं दाटली होती, आणि कुणीतरी हलक्या आवाजात आमेन म्हणत होतं, चुकून लवकर म्हटल्यासारखं.

"वर," तो म्हणाला. "प्रार्थना राहिलीय माझी."

त्यानं हात खाली घेतला, कुठे ठेवायचा ते त्याला कळेना, म्हणून कठड्यावर ठेवला. चौघं वाकले. धाकट्याची बोटं खालच्या डाव्या कोपऱ्याभोवती वळली, आणि उचलायच्या आधी तो थांबला, वर बघत.

"धाकट्या," मुकादम म्हणाला, "गोंड्याच्या वरून घे."

"घेतो," धाकटा म्हणाला.