भट्टीचा आकडा

मृणालने नोंदवहीचं पान उलटलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"काका, आठशे साठच ना? मग हाच घालते. सोमवारपासून भट्टी आपोआप चालेल."

सगळी मशीनं संगणकाला जोडायला सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेली ही मुलगी. तुळशी नगरची, मराठी, म्हणून बाळकृष्णला पहिल्या दिवसापासून काका म्हणायची.

बाळकृष्णने चहाचा ग्लास खाली ठेवला. गोविंदपुऱ्यातल्या या कारखान्यात तो वीस वर्षं गिअर कडक करायची भट्टी चालवत होता. भट्टीचं मीटर वीस अंश जास्त दाखवतं, म्हणून मीटरवर तो आठशे ऐंशी लावायचा आणि वहीत आठशे साठ लिहायचा. मीटर खोटं बोलतं, हे त्याने एकदा कारखान्याच्या प्रमुखांना, उदयसाहेबांना, सांगितलंही होतं. साहेबांनी मान वर न करताच उत्तर दिलं होतं, "ड्रॉइंगमध्ये आहे तेच वहीत पाहिजे. तुझी अक्कल पाजळू नकोस."

आता तोच आकडा संगणकात चालला होता, आणि मीटरही तेच जोडलेलं. एक शब्द बोललं की काम निभावणार होतं. न बोललं, तर भट्टी वीस अंश कमी तापून पहिलाच घाणा कच्चा निघणार, तोही सोमवारी मुख्य कचेरीतून पाहायला येणाऱ्या लोकांसमोर.

पण का म्हणून बोलायचं? दोन वर्षांपूर्वी साहेबांनीच घाई करून माल वेळेआधी बाहेर काढायला लावला. तो नापास झाला, तेव्हा खापर फोडलं बाळकृष्णच्या डोक्यावर. सगळ्या पाळीसमोर उभं करून हात जोडायला लावले. ज्याच्या बापाने नागपूर सोडून इथे परमुलखात जन्मभर इमानाने नोकरी केली, त्याला! तेव्हापासून बाग सेवनियातल्या घरी बायकोच्या नजरेला नजर देणंसुद्धा त्याला जड जायचं.

"वहीत आहे तेच घाल," तो म्हणाला. खोटं कुठे होतं त्यात? भोग आता साहेबा, असं मनात म्हणत त्याने उरलेला चहा संपवला. गार झाला होता, तरी झकास लागला.

सोमवारी सकाळी मृणालने त्याला पडद्यापाशी ओढतच नेलं.

"बघा काका!"

आकड्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ठरवणारा, बाळकृष्ण.

"हे कशाला, बाप्पा?"

"नाव लागतंच. माल बिघडला की सिस्टिम आधी हेच नाव वर पाठवते. पण तुमचं काम कशाला बिघडेल? वीस वर्षांची विद्या तुमची, मग नाव दुसऱ्या कुणाचं का घालायचं?"

बाळकृष्णने ते नाव पुन्हा वाचलं. म्हणजे पुन्हा पाळीसमोर उभं राहायचं, पुन्हा हात जोडायचे, आणि या वेळी चूक खरोखरच आपली.

"मृणाल, थांब जरा. तो आकडा..."

"हे काय?" उदयसाहेब मागून आले होते. "ऑपरेटरचं नाव? पाहुणे गेटवर आलेत. काढ ते. माझं घाल."

"सर, पण रीत काकांची आहे."

"रीत कंपनीची. आणि प्लँट हेड मी आहे."

"साहेब, त्या आकड्याचं जरा ऐकून..."

"तुला विचारलंय कुणी?"

बाळकृष्ण पडद्यापासून बाजूला झाला. मृणालने त्याच्याकडे ओशाळून पाहिलं आणि नाव बदललं.

"वाईट वाटून घेऊ नको पोरी," तो म्हणाला. दोन वर्षांत इतकं मोकळं त्याला वाटलं नव्हतं. "साहेबांचंच नाव शोभतं तिथे. फक्त एक कर. तो कागद छापून त्यावर त्यांची सही घेऊन ठेव."

पाहुणे आत येत होते. उदयसाहेबांनी हसतहसत सही ठोकली आणि हिरवं बटण स्वतःच दाबलं.