माझ्या कॅमेऱ्यावर आलेला आळ

“पुसून पुसून काच झिजायची वेळ आली, पण एक फोटो धड येईल तर शपथ! मेल्याला कॅमेरा म्हणायचं की धुकं?”

मित्रांनो, या वाक्यातला ‘मेला’ म्हणजे मी. मी एक जुना मोबाइल आहे, आणि हे उद्गार वीतभर अंतरावरून, माझ्याच मालकिणीच्या तोंडून निघाले होते. ती मला नाकाजवळ धरून बाहीच्या टोकाने माझे भिंग पुसत होती. कोणाला नावे ठेवायची झाली तर माणसे निदान शेजारच्या खोलीत जातात. फोनच्या बाबतीत एवढाही शिष्टाचार कोणी पाळत नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे फार नाही. एका मोठ्या कारखान्यात, डोक्याला टोप्या घातलेल्या माणसांच्या हातांखालून मी सरकत सरकत पुढे गेलो. कोणी माझ्या पोटात बॅटरी बसवली, कोणी पाठीवर भिंग. शेवटी एका बाईने मला उलटासुलटा करून पाहिले, समोरच्या भिंतीचा एक फोटो माझ्याकडून काढून घेतला आणि समाधानाने मला खोक्यात झोपवले. पुढे जाग आली ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या घरी. त्याने मला बायकोसाठी घेतले होते.

बायको रफू करायची. तुमच्यापैकी कित्येकांनी रफू पाहिलेही नसेल, आणि त्यात तुमची चूक नाही, कारण ते दिसू नये म्हणूनच केलेले असते. कोटाला कसर लागते, पँटवर ठिणगी पडते, बाही खिळ्याला अडकते आणि भोक पडते. मग माझी मालकीण त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून, जिथे कोणी बघत नाही तिथून, चार धागे काढते. कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसवते, भोकावर आधी उभे धागे टाकते आणि मग एक वर, एक खाली असे आडवे धागे विणत जाते. खिडकीजवळच्या टेबलावर हे काम चाले. संपले की भोक कुठे होते ते त्या कोटालाही आठवत नसे.

माझे काम या कामाच्या दोन टोकांना. रफूच्या आधी ती भोकाभोवती खडूने गोल करायची आणि फोटो काढायची. रफू झाल्यावर खडू झटकून दुसरा फोटो. दोन्ही फोटो गिऱ्हाइकाला पाठवून खाली एकच ओळ लिहायची, ‘सापडतंय का बघा.’ लोक तो फोटो मोठा करून करून बघत, घरातल्यांना दाखवत, आणि हार मानत. सगळ्यात जास्त हरायचे ते कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचे मालक. ती त्यांना ‘भाऊ’ म्हणे. बहुतेक काम त्यांच्याकडूनच येई. कपड्यांचे गाठोडे घेऊन धापा टाकत जिना चढायचे आणि दारातूनच म्हणायचे, “हरलो, ताई. चष्मा लावून हरलो. तुम्ही भोक बुजवता की दम देऊन हाकलून लावता?”

“आधी बसा, पाणी प्या, मग सावकाश हरा,” ती म्हणायची.

मग ती मला उचलून त्यांना फोटो परत दाखवी. “आमच्या फोनला विचारा, त्यालासुद्धा सापडत नाही.” आमचा फोन! हे शब्द ऐकून माझी बॅटरी न लावताच भरल्यासारखी वाटे. एका राखाडी कोटाच्या उरलेल्या कापडाची तिने मला खोळ शिवली होती. बाजारात हजार खोळी मिळतात, पण माझ्या मापाची, आतून अस्तर लावलेली खोळ या शहरात दुसऱ्या कोणत्या फोनकडे असेल असे मला वाटत नाही. जरा मिजास चढली होती खरी.

मग फोटो हलायला लागले.

एका निळ्या कोटाची बाही अशी आली की जणू ती पाण्याखाली आहे. दुसऱ्या दिवशी एका जाकिटाला दोन दोन कॉलर. तिच्या लेकीने मला बंद करून चालू केले, माझ्यातले काय काय काढून टाकले, भिंगावर फुंकर मारली आणि निकाल दिला, “वय झालं याचं.” लिफ्टवाले आमचे मालकही म्हणाले, “कॅमेरा बाद झाला असणार.” सगळ्यांचे इतके पटकन एकमत झाले की मलाच नवल वाटले. एरवी त्या घरात पंख्याचा वेग ठरवायलासुद्धा भांडण लागायचे.

मित्रांनो, फोन तळहातावर राहतो. तळहाताच्या आत काय चालले आहे ते त्याला डोळ्यांच्या आधी कळते. माझ्या मालकिणीच्या उजव्या हातात एक बारीक थरथर आली होती. शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालू असावे आणि ते इकडच्या टेबलाला कळावे, तशी. हात मांडीवर असला की ती जास्त असे. सुई धरली की तो जिद्दीने शांत व्हायचा आणि पुन्हा चुकार पोरासारखा हलायला लागायचा. मी जागच्या जागी होतो. मला धरणारा हात हलत होता.

आणि हे मला एकट्यालाच ठाऊक होते असे समजू नका. मालक सकाळी कामावर जाण्याआधी साबणाने दोनदा हात धुऊन, जाड बोटांनी सुयांमध्ये दोरे ओवून त्या रांगेने टेबलावरच्या सुयांच्या गादीत टोचून ठेवू लागले होते. “सकाळी माझे डोळे ताजे असतात,” म्हणे. लेक आईला चहा अर्धाच कप देऊ लागली होती.

“भरून का देत नाहीस गं? दुधाचा दुष्काळ पडला का?”

“सांडतो म्हणून. म्हणजे माझ्याकडून सांडतो, आणताना.”

आणि ती स्वतः? कोणी खोलीत आले की डाव्या हाताने उजवे मनगट धरून बसायची, घड्याळ सरळ केल्यासारखे करून. घड्याळ तर ती घालतच नव्हती. तिघेही आपापल्या जागी सगळे जाणून होते, आणि तिघांनी मिळून खापर फोडले ते माझ्या डोक्यावर. मला उलटून बोलता येत नाही ना.

शेवटी एका रविवारी लेकीने विषय काढला. “आई, आता हट्ट पुरे. माझ्यासारखा फोन घे. त्याच्या कॅमेऱ्यात मुंगीच्या मिशा दिसतात.”

“मला मुंगीच्या मिशा घेऊन काय करायचंय? ती काय रफूला येणार आहे?”

“तसं नाही गं. त्याच्यात हात हलला तरी...” लेक अडखळली. “म्हणजे कोणाचाही हलतो. गर्दीत वगैरे.”

मग मालक म्हणाले, “घेऊन टाकू.”

तो आला. त्याचे नाव मी घेणार नाही, माझ्या तोंडून ते वदवूनही घेऊ नका. एवढेच सांगतो की तो माझ्या कंपनीचा तर नव्हताच, माझ्या घराण्याचाही नव्हता. त्याची सिस्टिम वेगळी, चार्जिंगचे तोंड वेगळे, रीतभात वेगळी. पाठीवर एक सोडून तीन डोळे, एखाद्या कोळ्यासारखे. लेकीने आम्हाला शेजारी शेजारी ठेवले आणि दुपारभर माझ्यातले सगळे काढून त्याच्यात भरले. भाऊंचा नंबर, लेकीचा शाळेतला फोटो, मी काढलेले सगळे कोट, सगळ्या बाह्या. माझे आयुष्य त्याच्या पोटात गेले आणि त्याने ढेकरही दिली नाही.

मला आशा होती ती एकाच गोष्टीची. तो तिला जमणार नाही.

“मागे कसं जायचं यात? बटणच नाही!”

“कडेवरून बोट सरकव.”

“कुठल्या कडेवरून? चार आहेत.”

“आई, ही पद्धतच वेगळी आहे. जुनं विसर.”

“जुनं विसरायचं आणि नवं कळत नाही. मग मधल्या मधे मी करू काय?” असे म्हणताना तिच्या बोटाने चुकून भाऊंना व्हिडिओ कॉल लागला. ते गालभर साबण लावून आरशासमोर उभे होते. “ताई, भोक सापडलं का माझ्या दाढीत?” त्यांनी विचारले, आणि घर हसून हसून लोळले. मी बटणांच्या डब्यातून ते हसणे ऐकले. हो, माझी रवानगी तोपर्यंत टेबलाच्या खणात, बटणांच्या डब्यात झाली होती. कपभर भात शिजला की वाजायचे, एवढीच आता माझी नोकरी.

आणि मग त्याने काढलेला पहिला फोटो मी खणाच्या फटीतून पाहिला. हाताची थरथर त्याने गिळून टाकली होती. एकेक धागा असा उठून दिसत होता की चिमटीत धरावा. “बघ! म्हटलं नव्हतं?” लेक म्हणाली. “दोष फोनचाच होता,” मालक म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा इतका सुटल्यासारखा श्वास बाहेर पडला! माझा जळफळाट झाला, मित्रांनो. वाटले, एकदा याला तिच्या हातातून खाली पडू दे. फार नाही, एक तडा जाण्यापुरता. तिने त्याच्यासाठी खोळ शिवायला घेतली तेव्हा तर मी रुसून वाजायचेच विसरलो आणि भात करपला.

त्या खोळीची शिलाई वाकडी आली होती. ते बघून मला आधी गुदगुल्या झाल्या. मग झाल्या नाहीत. तिची शिलाई मी कधी वाकडी पाहिली नव्हती.

थोड्याच दिवसांत भाऊंनी एक तपकिरी कोट आणला. गिऱ्हाईक चोखंदळ होते. तिने दोन दिवस मान मोडून रफू केले, फोटो काढला, पाठवला, खाली नेहमीची ओळ लिहिली. उत्तर लिहून आले नाही. जिन्यावर धापा वाजल्या आणि भाऊ स्वतःच दारात उभे राहिले. चेहरा असा, जणू शर्यत जिंकून आले आहेत.

“सापडलं, ताई! इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिंकलो! हे बघा, खिशाच्या खाली, डावीकडे. धागे असे तिरके गेलेत ना?” फोटो मोठा करून त्यांनी बोट ठेवले. कोणी हसले नाही. भाऊंनी एकेकाचा चेहरा पाहिला आणि त्यांचे बोट आपोआप मागे आले. “म्हणजे फोटोत दिसतंय हो,” ते म्हणाले. “कोटावर कुठे दिसतंय! मी आपलं गमतीने.” आणि पाणीही न पिता जिना उतरून गेले.

तिने कोट खिडकीशी नेला. रफूवरून नख फिरवले. मग सगळे उसवले आणि पुन्हा विणायला बसली. नव्या फोनवर पुन्हा फोटो काढला. वाकडे धागे दिसायला या वेळी तो मोठा करायचीही गरज नव्हती.

“आई, हा कॅमेरा जरा जास्तच दाखवतो,” लेक घाईने म्हणाली. “माणसाच्या डोळ्याला एवढं दिसत नाही काही.”

मालकांनी मान हलवली. “मग जुन्यानेच काढ ना. तो बरा होता.”

तो बरा होता! मित्रांनो, या तीन शब्दांसाठी मी बटणांखाली किती दिवस काढले होते! खण उघडला, अंगावरची बटणे खळखळली, मी उजेडात आलो. तो मात्र टेबलावर पालथा पडला होता, तिन्ही डोळे छताला लावून. मी मनातल्या मनात नाचलो. मालकिणीने मला कोटावर धरले, आणि तिचा तळहात मला पुन्हा लागला.

थरथर वाढली होती. आता मशीन शेजारच्या खोलीत नव्हते, याच खोलीत होते.

आणि मला उमगले की मला कशासाठी बोलावले आहे. माझा फोटो हलणार होता. हललेल्या फोटोत वाकडे धागे दिसले नसते, भाऊ पुन्हा हरले असते, घर पुन्हा हसले असते. मी चांगला म्हणून कोणी मला परत काढले नव्हते. दोष द्यायला कोणीतरी हवे होते, आणि त्या कामात मी मुरलेला होतो. त्या पालथ्या पडलेल्या नव्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा हेवा वाटला नाही. त्याचा गुन्हा एवढाच होता की त्याने जे होते ते दाखवले.

म्हणून एक मागणे मागतो. आम्ही जुनी यंत्रे बिघडतो, नाही असे नाही. पण आम्हाला खणात टाकण्यापूर्वी, आम्हाला रोज धरणारा हात एकदा आपल्या हातात घेऊन बघत जा. आमची काळजी नंतर केलीत तरी चालेल.

तिने फोटो काढला नाही. मग तिने मला दोऱ्यांच्या डब्याला टेकवून टेबलावर उभे केले, फोटो आपोआप निघेल असे लावले, आणि दोन्ही हात मागे घेतले. मी क्षणभर श्वास धरावा तसा थांबलो आणि फोटो काढला.

तो स्वच्छ आला. कोटाची कड, खिशाचा टाका, आणि खिशाखाली तिरके गेलेले धागे, सगळे जसेच्या तसे.

“आज बरा आला की,” लेक म्हणाली. “उजेड चांगला असेल.”

“उजेड रोजचाच आहे.”

“नाही, वारा पडलाय ना आज,” मालक म्हणाले. “एरवी खिडकीतून वारा येतो, टेबल हलतं.”

तिने मनगट धरले नाही. दोन्ही हात उचलून तपकिरी कोटावर, सगळ्यांच्या समोर ठेवले आणि उजव्याला हवे तसे हलू दिले.

“फोनला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “माझा हात थरथरतो.”