आले आणि आलेच

माझ्या मुलाच्या हातात स्टिअरिंग आलं की मागे माणसं बसलीत याचा त्याला विसर पडतो. सुट्टीभर हेच पाहिलं. भाड्याने घेतलेलं ते चाकांवरचं घर. आत शेगडी, मोरी, झोपायला फळ्या. आणि हा पुढे असा बसायचा, जणू विमानच चालवतोय. "आई, कॅराव्हॅन म्हण गं, टेम्पो काय!" टेम्पोला मी टेम्पोच म्हणते.

त्याचं काम गाडी हाकायचं. बाकी सगळं सुनेचं. चालत्या गाडीत धक्के खात चहा करायचा तिने, साहेबांचे मोजे शोधायचे तिने, आणि संडासची टाकी भरली की नळी लावून रिकामी करायची तीही तिनेच. ह्याला वास सहन होत नाही म्हणे! टाकी जशी काय शेजाऱ्यांनी भरली होती.

परतीच्या दिवशी सकाळी पेट्रोल पंपावर थांबलो. सुनेने टाकी रिकामी केली, नळी गुंडाळून ठेवली, मागचं दार लोटलं आणि हात धुवायला जाता जाता ओरडली, "आलेच!" हा इंजिन चालू करून बसलेला. त्याला ऐकू आलं, "आले." मी शेजारी सीटच्या पट्ट्याशी झटत होते. म्हटलं, "बसली का रे ती?"

"आले म्हणाली ना. मला कान आहेत."

आहेत की. चष्मा अडकवायला.

निघालो. मागे पडद्याआड घोरणं चाललं होतं, ते आमच्या ह्यांचं. जरा वेळाने मुलाने हाक मारली, "चहा टाक गं!" उत्तर नाही. "रुसलीये," मला म्हणाला, "काल थोडं बोललो ना." मग आरशात बघत पडद्याला भाषण सुरू. माणसाने किती मनाला लावून घ्यावं, संसारात कसं नमतं घ्यावं, ऑफिसात सगळे त्याचं कसं मुकाट ऐकतात. पडदा गप्प. "बघ आई, पटलं की अशी गप्प बसते," म्हणाला आणि खुशाल शीळ घालू लागला.

मध्येच त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. "विमेवाले असतात गं."

मलाही चहा हवा होता. सिग्नलला गाडी थांबली तशी मी उठून मागे गेले आणि पडदा सारला. आमचे हे तोंड उघडं टाकून झोपलेले. सुनेची जागा रिकामी. ओट्यावर चार्जिंगला लावलेला तिचा फोन, आणि तिचा पत्ता नाही.

"अरे दिवट्या," म्हटलं, "भाषण देत होतास कोणाला?"

परत फिरलो. वाटभर त्याचं एकच पालुपद, "पण ती आले म्हणाली होती!"

पंपाबाहेर बसच्या थांब्यावर सून बाकावर बसली होती. रडत नव्हती, आणि त्याचाच मला धसका बसला. रडणारीची समजूत काढता येते. मी उतरले. हा उतरलासुद्धा नाही. काच खाली करून म्हणाला, "फोन घेऊन उतरायला काय होतं गं तुला? चल, बस. उशीर होतोय."

"पंपावरच्या बाईंचा फोन मागून दोनदा लावला. दोन्ही वेळा कापलास," ती म्हणाली. "आणि मी 'आलेच' म्हणाले होते."

"बरं, बरं. एका 'च'साठी तमाशा नको."

ती माझ्याकडे वळली. "आई, माझा फोन तेवढा द्या. इथून दादाच्या गावाला बस आहे. मी जाते."

जाते! लग्न होऊन आल्यापासून ही कोपऱ्यावर भाजी आणायला निघाली तरी 'येते' म्हणून निघायची. 'जाते' तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते काही चुकून आलेलं नव्हतं.

मी मुलाकडे पाहिलं. वाटलं, आता तरी उतरेल, चुकलो म्हणेल, गेला बाजार दार तरी उघडेल. तो आरशात केस सारखे करत होता.

मग मी आत गेले. तिचा फोन, स्वेटर, कपड्यांची पिशवी, सगळं आणून तिच्या हातात दिलं. "पोचलीस की मला फोन कर," म्हटलं. "मी उचलते." तिने मान हलवली. बस आली, ती चढली, बस गेली.

आता कुठे साहेबांनी दार उघडलं. "आई! तू तिला थांबवायचं, तर पिशवी आणून देतेस? ती खरंच गेली की!"

"गेली," म्हटलं. "बायकोला विसरलास, ते मी एक वेळ पोटात घातलं असतं. माणूस छत्रीही विसरतो. पण ती गाडीत नसताना तू तिच्याशी भांडलास, जिंकलास, आणि वर शीळ घातलीस. मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई, पण नापास कोणाला म्हणतात ते मला कळतं. नवरा म्हणून तू नापास आहेस."