एक तृतीयांश पडदा

बाईंनी उत्तर लिहून पेन खाली ठेवलं, तेव्हा बाकीच्या शिक्षकांची आकडेमोड अजून चालूच होती. एका पडद्याला दीड मीटर कापड लागतं, तर आठ मीटरमध्ये पडदे किती? पाच पूर्णांक एक तृतीयांश. एकतीस वर्षं चौथीला गणित शिकवण्यात गेलेली. असली उदाहरणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

प्रशिक्षण देणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची. वहीत डोकावून ती हळूच म्हणाली, "बाई, तो एक तृतीयांश पडदा खिडकीला लावायचा कसा?"

खोलीत हशा पिकला. बाईही हसल्या, पण कानशिलं तापली.

मुलीने मग सगळ्यांना समजावलं. चूक की बरोबर हे ठरवायच्या आधी मुलाला विचारायचं, 'हे कसं सुचलं?' बरोबर असलं तरी विचारायचं. आज घरी कुणालाही हेच उदाहरण घाला, म्हणाली, आणि मध्ये बोलू नका.

घरी लेकच होती. लहानपणी बाईंच्याच वर्गात शिकलेली, पुढे गणितापायी दहावीला दोनदा आपटून शाळेला रामराम ठोकलेली. आता ती पडदे शिवण्याच्या कारखान्यात कापड बेतायची. तिच्या हातून चिंधीसुद्धा वाया जात नाही, असं मालक सांगायचा.

बाईंनी वही पुढे सरकवली. लेकीने कणकेचे हात पुसले, उदाहरण वाचलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं : पाच. शेजारी बारीक अक्षरात, अर्धा मीटर उरेल, त्याचे पडदे बांधायचे बंद होतील.

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. चौथीतही ती अशीच काहीबाही लिहायची. रीत कुठाय, म्हणून त्या लाल फुली मारायच्या. घरच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून सगळ्या वर्गादेखत दोन छड्या जास्तच.

"हे कसं सुचलं गं तुला?" जमेल तितक्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं.

लेकीचा चेहरा उतरला.

"चुकलं का?"

बाई मान हलवेपर्यंत तिने पाचावर काट मारलीसुद्धा. खुर्ची ओढून ती बसली, वहीभोवती डावा हात आडवा धरला आणि खाली मान घालून भागाकार मांडू लागली.