नुकसानीचा रकाना

"कोर्ट होकार मिळवून देत नाही, मास्तर," वकीलबाईंनी शिंप्याला पुन्हा समजावलं. "कोर्ट व्हिसाच्या कचेरीला एवढंच सांगेल की तीन वर्षं या माणसाची चौकशी केलीत, आता उत्तर द्या. ते 'नाही' असंही येऊ शकतं."

चौकशी संपून कायम राहण्याचा परवाना मिळाल्याशिवाय बायको-मुलीला इकडे परदेशात आणता येत नव्हतं. खोलीवर येऊन त्याने कोर्टाचा अर्ज भरायला घेतला. एका रकान्यात उशिरामुळे झालेलं नुकसान लिहायचं होतं.

नुकसान : मानसिक त्रास.

(खोडलं. हे तर सगळेच लिहीत असतील.)

नुकसान : रोज एकटाच जेवतो.

(खोडलं. हे कोर्टाला कशाला सांगायचं?)

त्याने बायकोला फोन लावला.

"तुम्ही शिवून पाठवलेला फ्रॉक आता तिला होत नाही," ती म्हणाली.

"अगं, शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय. उसवून सोड."

"ती मागच्याच वर्षी सोडली. आता माया उरली नाही, अहो."



"खांदा किती भरतो?" त्याने विचारलं.

"साडेअकरा."

"कोर्टात गेलो आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर या परत. फोनवरून मापं घेणारा शिंपी मी तरी दुसरा पाहिला नाही."

तो हसला. फोन ठेवून त्याने अर्ज पुन्हा पुढे ओढला.

नुकसान : मुलीचा खांदा साडेनऊ इंच होता, साडेअकरा झाला. मधले दोन इंच मी पाहिले नाहीत.

हे मात्र त्याने खोडलं नाही. खाली सही केली.