चाळीस केशर आणि एक वाफा मेथी

कारभारी आण्णांना अल्सर आहे, असं घरात ठरलं होतं.

शहरात पोटाची तपासणी झाली. मुलानं, सुदर्शननं, कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला अन् म्हणाला, "काही नाय आण्णा. अल्सर." तिथून आठ दिवसांत गावातली, फुलंब्रीतली माणसंच बिघडत गेली.

आण्णांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, चाळीस वर्षं लपवलेली तंबाखूची पिशवी स्वतःच उशाशी आणून ठेवली. "घ्या चिमूटभर. बरं वाटंल." आण्णांच्या अंगावर काटा आला.

मग चुलतभाऊ पुंजाराम मोसंबी घेऊन आला. बांधावरून दोघं एकवीस वर्षं कोर्टात भांडत होते.

"कारभारी, दोन हात जागा तुझीच हाय. घेऊन टाक."

"पुंजा, तब्येत बरी हाय ना तुझी?"

"माझी बरी हाय की," पुंजाराम म्हणाला अन् जमिनीकडं बघत राहिला.

आण्णांनी मोसंबीला हात लावला नाही. यंदा बांधालगतच्या तुकड्यात चाळीस केशर आंबे लावायचं मनात होतं. आपल्याला किती दिवस आहेत, हे खरं कोण सांगणार? डॉक्टर सांगतील. शिकलेलं माणूस खोटं कशाला बोलंल?

सोमवारी दवाखान्यात सुदर्शन आधी एकटाच आत गेला. दाराच्या काचेतून आण्णांना दिसलं, पोरगं हात जोडतंय. डॉक्टर स्वरदा नाही-नाही म्हणत होत्या. मग मान खाली घालून बसल्या.

आण्णा आत गेले. "पोटाचं राहू द्या, डॉक्टरीणबाई. शेतीचं विचारतो. केशर आंबा पाचव्या वर्षी फळ धरतो. लावू का?"

"लावा की आण्णा! लावाच!" सुदर्शन ओरडलाच.

डॉक्टरांनी फाइल उघडली, मिटली. खरं सांगणार नाही असा शब्द दिलेला, अन् खोटं तोंडातून निघेना.

"आण्णा," त्या हळू म्हणाल्या, "मेथी कशी वाटते तुम्हाला?"

सुदर्शनला काहीच उमगलं नाही. तो बँकेत होता. शेती त्यानं सातबाऱ्यावरच पाहिलेली. मेथी महिन्याभरात काढणीला येते, हे आण्णांना ठाऊक होतं.

"एकच वाफा?" त्यांनी विचारलं. "का मागून दुसरा पेरता येईल?"

"एक पेरा. जुडी घेऊन या मला. मग दुसऱ्याचं बघू."

परतताना आण्णांनी मोंढ्यात, बियाण्याच्या दुकानापाशी, गाडी थांबवली.

"नर्सरीला चाळीस केशर सांग. खड्डे पुंजाच्या अंगानं घे, त्याचं मन फिरायच्या आत. अन् मेथीचं बी आण."

"मेथी कशाला?"

"आंबे तुम्ही खा. मेथी माझी."

सुदर्शनचा चेहरा उतरला. आत्ता कुठं त्याला कळलं.

"आण्णा..."

"तुझ्या आईला बोलू नको, मला समजलंय म्हणून. आत्ता कुठं तंबाखू मिळाया लागलीय."

सुदर्शन बियाण्याचं पाकीट घेऊन आला. आण्णांनी ते उलटं करून डोळ्यांजवळ धरलं. बियाण्याची मुदत पुढच्या वर्षापर्यंत होती.